ओंकारच्या खोलीतल्या नळकांड्या आणि पायाच्या मुंग्या

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. ओंकारच्या कपाटामागच्या त्या चंदेरी नळकांड्या क्रीम फेटायच्या यंत्राला लागतात. बोटभर लांबीच्या त्या एकेका नळकांडीत 8 ग्रॅम नायट्रस ऑक्साइड असतो. लाफिंग गॅस म्हणतात तोच. बाहेर सोडला की त्याचा चार लिटरच्या आसपास वायू होतो, म्हणजे एक मोठा फुगा भरतो. पिशवीतले फुगे त्यासाठीच आहेत. सोडा बनवायच्या नळकांड्याही हुबेहूब अशाच असतात, पण त्यांत कार्बन डायऑक्साइड असतो. अंगावरची बारीक अक्षरं वाचली की फरक कळतो, आणि तुमच्या फोटोत नायट्रसची खूण स्पष्ट दिसते. तोंडाशी टोचलेलं भोक आहे, त्या अर्थी वापरून झालेल्या आहेत.

तुम्ही विचारलंत, दाताचे डॉक्टर हाच वायू देतात, मग त्यात एवढं काय? बरोबर आहे. 1844 मध्ये होरेस वेल्स नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने तो दात काढताना वापरला, आणि आम्ही भूलवाले आजही वापरतो. पण आमच्या मशीनमध्ये सोबत निदान पंचवीस-तीस टक्के ऑक्सिजन जातोच, बोटाला ऑक्सिमीटर असतो आणि शेवटी काही मिनिटं शुद्ध ऑक्सिजन देतात. फुग्यात ऑक्सिजन शून्य. नशा काही सेकंदांत चढते आणि मिनिटा-दोन मिनिटांत उतरते, म्हणून पोरं एकामागून एक फुगे ओढत बसतात. खरा घात तिथे होतो.

हा वायू शरीरातल्या बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्वाच्या मधोमध असलेल्या कोबाल्टच्या अणूवर हल्ला करतो. एकदा त्या अणूचं ऑक्सिडेशन झालं की जीवनसत्त्वाचा तो रेणू कामातून जातो, पुन्हा दुरुस्त होत नाही. ज्या एन्झाइमला तो लागतो ते बंद पडलं की रक्तात होमोसिस्टीन नावाचं द्रव्य साठतं आणि मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण नीट राखलं जात नाही. ऑपरेशनमध्ये सत्तर टक्के नायट्रस दिला तर पाऊण तासाच्या आसपास यकृतातलं हे एन्झाइम निम्म्यावर येतं, आणि भरून यायला काही दिवस लागतात. अधूनमधून एखादं ऑपरेशन धडधाकट माणूस सहज सोसतो. रोज संध्याकाळी डझनभर नळकांड्या ओढणाऱ्याला मात्र भरून काढायला सवडच मिळत नाही.

त्यात आपलं घर पडलं शाकाहारी. कडक भाकरी, शेंगांची चटणी, आमटी, पालेभाज्या: पोटभर जेवण, पण त्यात बी-ट्वेल्व्ह जवळजवळ नाही. ते मिळतं दूध-दह्यातून, आणि ओंकारला दुधाचा वासही नको. परदेशातल्या मांसाहारी पोराकडे काही वर्षांचा साठा यकृतात असतो. आपल्याकडच्या मुलाची शिल्लक आधीच तळाला. म्हणून थोड्या फुग्यांनीही त्याला जास्त त्रास होऊ शकतो. ‘तिकडची पोरं घेतात, त्यांना काही होत नाही’ असं तो म्हणाला तर हे सांगा. तिकडेही होतंच. ब्रिटनने 8 नोव्हेंबर 2023 पासून नशेसाठी हा वायू जवळ बाळगणं गुन्हा ठरवलं, नेदरलँड्सने त्याच वर्षी 1 जानेवारीपासून बंदी घातली.

आई, तू म्हणालीस की तो हल्ली पाय झटकत बसतो आणि ‘मुंग्या आल्या’ म्हणतो. पत्र लिहिण्याचं खरं कारण ते आहे. दोन्ही तळपायांना एकदम मुंग्या, मग त्या घोट्यांवर चढणं, मग हाताची बोटं. मान खाली घातल्यावर पाठीतून करंट गेल्यासारखं होणं. त्यानंतर पाय कुठे पडतोय याची जाणीवच कमी होते. बारकाईने बघ: चालताना चप्पल पायातून निसटली तरी त्याला कळत नाही का? बेसिनवर तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो का? लाइट गेल्यावर जिन्याचा कठडा धरतो का? डोळे उघडे असताना नजर तोल सांभाळून घेते, म्हणून दिवसा काहीच जाणवत नाही. बाबा, त्याला पाय जुळवून उभं करा आणि डोळे मिटायला सांगा. तुम्ही शेजारी हात पसरून उभे राहा, पडला तर धरायला. डुलला तर मणक्यातल्या मज्जारज्जूच्या मागच्या भागाला इजा झाल्याची शंका घ्यायची. न डुलला तरी मुंग्या आहेत तोवर डॉक्टरकडे जायचंच. लघवीला त्रास, विसराळूपणा, विनाकारण संशय घेणं, असंबद्ध बोलणं ही लक्षणंही यातलीच.

सिव्हिलमध्ये न्या किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून न्यूरोच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी घ्या, पण आठवडाभर थांबू नका. आणि नायट्रसचं तोंडाने सांगा, लाजू नका. ते लपवलं तर डॉक्टर मधुमेह, थायरॉइड, जीबीएस (नसांचा एक आजार) शोधत बसतील, आणि लघवीच्या नेहमीच्या नशा-चाचणीत हा वायू सापडत नाही.

नुसत्या बी-ट्वेल्व्हच्या रिपोर्टवर समाधान मानू नका. लॅब निकामी झालेलं जीवनसत्त्वही मोजते, त्यामुळे आकडा नॉर्मल येऊ शकतो. होमोसिस्टीन करायला सांगा. 15 च्या वर गेलं तर ते वाढलेलंच. सॅम्पल उपाशीपोटी द्यायचं आणि घेतल्यावर लगेच बर्फात ठेवून लॅबला पोचलं पाहिजे, कारण नुसतं टेबलावर राहिलं तरी आकडा खोटा चढतो. मिथिलमॅलॉनिक ॲसिडची तपासणीही बी-ट्वेल्व्हची कमतरता दाखवते, ती बहुधा बाहेरगावी पाठवतील. मानेचा एमआरआय लागू शकतो. रक्त आधी, इंजेक्शन नंतर, हा क्रम पाळा. पण रिपोर्टची वाट पाहत इंजेक्शन अडवू नका.

उपचार म्हणजे वायू पूर्ण बंद आणि बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं. साधारणपणे 1000 मायक्रोग्रॅम, सुरुवातीला रोज किंवा दिवसाआड, नंतर अंतर वाढवत. नेमकं डॉक्टर ठरवतील. मेडिकलवाल्याकडून परस्पर फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणू नका. बी-ट्वेल्व्ह कमी असताना एकटं फॉलिक दिलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि नसांचं नुकसान चालूच राहतं. ‘मी गोळ्या घेतो आणि अधूनमधून फुगाही’ हा त्याचा सौदा अजिबात मान्य करू नका. वायू आत जातोय तोवर गोळी पुरी पडत नाही. वेळेत थांबलं तर बहुतेकांना महिन्या-दोन महिन्यांत फरक पडतो, काहींच्या पायात थोडी बधिरता राहते.

वाढलेल्या होमोसिस्टीनमुळे पायाच्या रक्तवाहिनीत रक्ताची गाठ होऊ शकते. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक धाप लागून छातीत कळ आली, तर थेट इमर्जन्सी.

समजा खोलीत तो निपचित सापडला, तर तोंडावरची पिशवी किंवा मास्क काढा, दारं-खिडक्या उघडा, कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा. श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा. उदबत्ती, काडी काही पेटवू नका. हा वायू स्वतः जळत नाही, पण आगीला जोर देतो. नळकांडीतून थेट तोंडात घेतला तर ओठ आणि घसा गोठून भाजल्यासारखे होतात, कारण आतलं द्रव उणे 88 अंशांना उकळतं. अशा वेळी कोमट पाणी. हळद नको, टूथपेस्ट नको, चोळणं नको.

बाबा, त्या नळकांड्या बंबात टाकू नका! रिकाम्यांत एखादी भरलेली असली तर तापून फुटेल. सोलापूरच्या उन्हात गच्चीवर किंवा गाडीच्या डिकीतही नको. मोजून एका डब्यात सावलीत ठेवा. किती होत्या हे डॉक्टर विचारतील. ओंकारशी बोलताना आरडाओरडा करू नका, तो होस्टेलवर पळेल आणि मग कोण बघणार. तीनच प्रश्न विचारा: दिवसाला किती, कधीपासून, मुंग्या कुठपर्यंत. दादा-वहिनींशी मी बोलते.

आणि आई, तुझंही. तू मेटफॉर्मिन इतकी वर्षं घेतेस, वर ॲसिडिटीची गोळी रोज. दोन्हींमुळे बी-ट्वेल्व्ह कमी होतं. ओंकारबरोबर तुझंही रक्त देऊन ये. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून ने. रिपोर्ट कमी आला असेल तर त्यांना आधीच दाखव, म्हणजे ते नायट्रस वापरणार नाहीत.

तुमची,
वैशू