चौलच्या बंदरातून जुन्नरला

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबा, कधी एकदा तुम्हाला हे सांगते असं झालंय. चौल-रेवदंड्याला जाऊन आले आणि तिथला एक धागा थेट आपल्या जुन्नरला येऊन पोचला! अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास चौलला उतरला, वास्को द गामाच्याही बरीच वर्षं आधी. विकायला सोबत एक घोडा. तो घेऊन जुन्नरला आला आणि पावसाळाभर तिथंच अडकला. जुन्नरच्या खानानं घोडा काढून घेतला आणि बजावलं: मुसलमान झालास तर घोडा परत आणि वर हजार मोहरा, नाहीतर घोडा गेलाच, शिवाय हजार मोहरांचा दंड. शेवटी एका खुरासानी माणसानं रदबदली केली, तेव्हा घोडा सुटला. हे सगळं त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. शिवनेरीच्या पायथ्याशी इतकी वर्षं राहून आपल्याला हे कुणी सांगितलं नाही, याची मला खरंच हळहळ वाटली. रेवदंड्यात त्याचा स्मारकस्तंभ आहे.

पोर्तुगीज त्यानंतरचे. १७४० मध्ये मराठ्यांनी त्यांना इथून घालवलं. त्यांच्या तटाच्या आत आता नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. सातखणी मनोऱ्याचे वरचे मजले ढासळलेत, खालच्या दगडांत झाडांची मुळं घुसलीत. कुणीतरी वेळेवर लक्ष द्यायला हवं.

आई, तुझ्यासाठी चौलचा रामेश्वर. मंडपात फरशीखाली पर्जन्यकुंड आहे. पाऊस ओढ देतो तेव्हा ते उघडायचं, म्हणजे सरी येतात, अशी गावाची श्रद्धा. चौलात पूर्वी ३६५ देवळं आणि ३६५ तळी होती, असंही म्हातारी माणसं सांगतात.

खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला. १५९४ च्या लढाईत दारात हत्ती मरून पडला, त्यामुळे दरवाजा लावता आला नाही आणि पोर्तुगीज आत घुसले, असं सांगतात. गडावर पडक्या चर्चच्या भिंती आहेत आणि महादेवाचं देऊळही. खाली गावातली ख्रिस्ती मंडळी घरात अजून पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात. मी एका ओट्यावर आजी-नातवाचं बोलणं ऐकत उभी राहिले. मधूनच एखादा मराठी शब्द कानावर यायचा.

बाबा, गुडघ्यांची काळजी करू नका. कोर्लईला दीपगृहापर्यंत गाडी जाते, तिथून वर थोड्याच पायऱ्या. थंडी पडली की मुंबईला या. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीनं गाडीसकट मांडव्याला उतरू. तारीख तेवढी कळवा, तिकिटं मी काढते.

तुमची,
धाकटी