सुमीस, संक्रांतीच्या आधी

सातारा, ७ जानेवारी २०२६

प्रिय सुमे,

दिवाळीपासून पत्र नाही, ठाऊक आहे. ओरडायचं ते फोनवर ओरड. इकडे सगळे बरे. माझी शुगर आहे तिथेच आहे.

तर झालं असं. ईशाने नाताळात ग्रीटिंग कार्डांचं किट मागवलं, दोन कार्डं केली आणि गेली हॉस्टेलला परत. उरली दहा, पाकिटांसकट. शिवाय फोमची टेप, टिकल्या, इंग्रजी शुभेच्छांचे स्टिकर. टाकवेना. म्हटलं, संक्रांतीला पाठवू, आपण पाठवायचो तशी. कार्डं काळी होती हे एक बरं. पांढऱ्या जेल पेनाने ठिपके दिले की थेट चंद्रकळा. चिकटवायचे बर्फाचे कण होते, ते हलवा म्हणून खपवले. हरणांचं मात्र काही जमलं नाही.

शिक्के सगळे रोमन अक्षरांचे. मग खोडरबरावर ब्लेडने ‘तिळगूळ’ कोरलं. दोन्ही ळ-ची पोटं पोखरण्यात अर्धा तास गेला आणि ठसा उमटला तो उलटा! अक्षरं उलटी कोरायची असतात, हे साठीला आलेली बाई विसरली. दुसरं रबर आणलं. आणि हो, गू दीर्घच कोरलाय. आठवीत ‘दीर्घ लिहिलं की घाण वाटतं’ म्हणून तू सगळ्या कार्डांवर ऱ्हस्व लिहिलास आणि बाईंनी उभं केलं मला. विसरले नाहीये.

नऊ कार्डं भराभर झाली. बेबीमावशीच्या कार्डावर शिवणाच्या डब्यातली बटणं, वन्संच्या कार्डावर त्यांच्याच जुन्या साडीचा काठ. फेव्हिकॉलने कागद वळला, म्हणून रात्रभर पोळपाटाखाली दाबून ठेवली.

दहावं दादाचं.

सुमे, दादाला ‘गोड बोला’ कसं लिहू? पाच वर्षं बोलणंच नाही. त्याला वाटणार, टोमणा मारतेय. सह्यांच्या दिवशी तू जिन्यात होतीस, मी काय बोलले ते तू ऐकलंयस. (वहिनीने काय ऐकलं ते देव जाणे.) ‘गोड बोला’ गाळावं, तर गाळलेलंच जास्त दिसतं. ‘घ्या’ लिहिलं तर परक्याला लिहिल्यासारखं, ‘घे’ लिहिलं तर हुकूम सोडल्यासारखं. जन्मभर अरेतुरे केलेल्या माणसासाठी एक क्रियापद सापडेना!

शेवटी काही लिहिलंच नाही. अण्णांच्या हिशेबाच्या डायरीतला एक कपटा कापला. त्यांच्या अक्षरात, ‘तीळ १ किलो, गूळ १ किलो, दादास पतंग.’ फोमच्या टेपने तो कार्डाच्या मधोमध उचलून चिकटवला. दादास मधला ‘स’ शेपटीला शाईत फुटलाय, अण्णांचं पेन तसंच होतं, आठवतंय ना? कार्ड इतकं चांगलं झालं की मीच बघत बसले.

आणि मग लक्षात आलं. वाटणीच्या वेळी दादाने विचारलं होतं, अण्णांच्या डायऱ्या कुठे आहेत. मी म्हटलं, मला माहीत नाही. सुमे, त्या माझ्याच ट्रंकेत होत्या. तेव्हाही. हे तुलासुद्धा सांगितलं नव्हतं. आता हे कार्ड गेलं की तो पतंग वाचणार नाही, ‘अच्छा, म्हणजे डायऱ्या हिच्याकडेच!’ एवढंच वाचणार. बरं, कपटा आता निघतही नाही. टेप काय चिकट असते! ओढून बघितली, कोपरा फाटतो.

स्वयंपाकाच्या काट्यावर पाकीट २७ ग्रॅम भरलं. २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये, म्हणजे हे १०चं. पूर्वी रजिस्टर करून पोचपावतीवर त्याची सही तरी बघितली असती. गेल्या वर्षी तेही स्पीड पोस्टात गेलं. तिकिटं लावून पाकीट फ्रिजवर ठेवलंय. रोज दूध काढताना दिसतं.

चिन्मयचं जमलं म्हणे? मुलगी काय करते? गुडघ्याचं ऑपरेशन लांबवू नकोस. भाऊजींना नमस्कार.

सोबत उलट्या ठशाचं कार्ड पाठवतेय, आरशात धरून वाच. शनिवारच्या आत फोन कर, पुढे टाकलं तर संक्रांतीला पोचायचं नाही.

तुझी,
मंदा