मावशी, तुम्ही शिवलेल्या चार कापडांसाठी

मावशी,

जय ख्रिस्त.

परवाच्या रविवारी वेदीवर हिरवं कापड घातलं. रात्रभर पाऊस पडून गेला होता. चर्चच्या पायरीपर्यंत चिखल, पोरं चपला बाहेर काढून अनवाणी आत येत होती. पेटीतून कापड काढून घडी उलगडली तर कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याचा वास आला. तुम्ही पुण्याला लेकाकडं जाऊन आता बरेच दिवस झाले, पण पेटीत पाला मी तुमच्याच पद्धतीनं घालते. तिथंच पायरीवर बसले आणि ठरवलं की आता हे पत्र लिहायचंच. तुमची नात तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवील. सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय, कारण कोरोनाच्या त्या वर्षी ज्यांच्या घरच्या माणसाची माती धड झाली नाही, अशी घरं आपल्या गंगापूर-वैजापूरकडं माझ्या एकटीचं नाही, खूप आहेत. तुम्ही मला जे दिलंत ते त्यांच्यापर्यंतही पोचावं असं वाटतं.

लहानपणापासून मी चर्चला येते, पण चर्चचं वर्ष म्हणून मला दोनच दिवस माहीत होते. नाताळ म्हणजे चांदणी, नवे कपडे, करंज्या. ईस्टर म्हणजे पहाटेची मिस्सा. मधल्या महिन्यांत वेदीवरचा रंग बदलतो, फादरांच्या झग्याचा रंग बदलतो, हे डोळ्यांना दिसायचं, मनाला नाही. जांभळा, पांढरा, लाल, हिरवा. चारही कापडं तुम्ही शिवलेली. पांढऱ्याला हिमरू कापडाची किनार लावली होती, ती तेवढी मला आवडायची.

मग २०२१ आलं.

त्या साली झावळ्यांचा रविवार २८ मार्चला होता, आणि त्याच संध्याकाळी होळी. मिरवणूक काढायची नव्हती. अप्पांनी, माझ्या वडिलांनी, पहाटेच नाल्याकाठच्या शिंदीच्या झावळ्या तोडून आणल्या आणि तुम्ही त्या घरोघरी उंबऱ्यावर ठेवत गेलात. अप्पांनी आमच्या झावळीचा क्रूस दुमडला आणि येशूच्या तसबिरीमागं खोवला. ४ एप्रिलला ईस्टर झाला. त्याच आठवड्यात त्यांना ताप आला. १२ एप्रिलच्या रात्री शहरातल्या दवाखान्यात ते गेले. दुसऱ्या दिवशी पाडवा होता, गावात घरांवर गुढ्या उभ्या होत्या.

देह घरी दिला नाही. शहरातच पुरलं. मातीला चार माणसं, तीही अनोळखी, अंगभर प्लॅस्टिक घातलेली. भावाला फाटकाबाहेरून पाहू दिलं. माय तर घरातच होती. फादरांनी फोनवर प्रार्थना म्हटली, आणि मधेच रेंज गेली.

मला देवाचा राग आला होता, हे मी तेव्हा फक्त तुम्हाला सांगितलं. अप्पा ईस्टरआधीच्या उपवासकाळात गेले असते तर निदान काळ माझ्या बाजूचा असता, असं मी म्हणाले होते. पण आता तर पुनरुत्थानाचा काळ. वेदीवर पांढरं कापड, पुस्तकात पानोपानी आलेलुया. सगळं चर्च मला ‘आनंद कर’ म्हणत होतं आणि माझ्या घशातून पाणी उतरत नव्हतं.

तुम्ही आमच्या ओट्याखाली, दोन हात लांब, तोंडाला पदर लावून बसला होतात. बराच वेळ काहीच बोलला नाहीत. मग म्हणालात, “ईस्टर एका दिवसाचा नसतो, माय. पन्नास दिवसांचा असतो. तुला आजच्या आज थोडंच पोचायचंय?”

हे वाक्य मी आजवर किती वेळा मनात म्हटलं असेल, त्याची गणती नाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी तुम्ही यायचात आणि शुभवर्तमानातला एक उतारा वाचायला लावायचात. मी वाचायची, तुम्ही ऐकायचात. मरिया मग्दालिया कबरेपाशी रडत उभी आहे आणि समोर उभ्या असलेल्या प्रभूला बागेचा माळी समजते आहे. अम्माऊसच्या वाटेवरचे दोघं उतरल्या तोंडानं चालले आहेत. पेत्र म्हणतो, मी मासे धरायला जातो. म्हणजे आपल्या जुन्या कामाला परत लागतो. हे सगळं मी लहानपणापासून ऐकलं होतं, पण ही माणसं इतकी माझ्यासारखी आहेत, हे मला कधी दिसलं नव्हतं. त्या पहिल्या दिवशी सकाळी त्यांच्यातल्या कोणालाच नीट काही कळलेलं नाही. कोणी पळतंय, कोणी घाबरलंय, कोणाचा विश्वासच बसत नाहीये.

थोमाचा उतारा तर तुम्ही दोनदा वाचायला लावलात. मला वाटलं, माझ्या संशयासाठी असेल. पण तुम्ही बोट भलत्याच जागी ठेवलंत. पहिल्या संध्याकाळी शिष्य दारं लावून बसले होते, प्रभू आत आला, त्यांनी त्याला डोळ्यांनी पाहिलं. आणि आठ दिवसांनी? पुन्हा दारं बंदच. “बघितल्यावरसुद्धा कड्या काढल्या नाहीत त्यांनी,” तुम्ही म्हणालात. “तरी तो रागावला का? परत आला.” अप्पा गेले त्याच्या आदल्याच दिवशी, ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारी, सगळ्या चर्चांमध्ये हाच उतारा ठरलेला होता. दरवर्षी त्या रविवारी तोच असतो. आपल्याकडं वाचायला माणसंच नव्हती, एवढंच.

कारण ईस्टरच्या दुसऱ्याच दिवसापासून सगळी प्रार्थनास्थळं बंद झाली होती. देवळं, मशिदी, विहार, चर्च, सगळं. ती उघडली थेट ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला. आणि मावशी, मला ज्यासाठी सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते इथंच आहे. त्या सहा महिन्यांत तुम्ही एकदाही कापड बदलायला चुकला नाहीत. २३ मे रोजी पेंटेकॉस्टला, म्हणजे ईस्टरच्या पन्नासाव्या दिवशी, पवित्र आत्म्याच्या सणाला, मी तुम्हाला चर्चच्या मागच्या दारानं आत जाताना पाहिलं. हातात लाल कापड. मी मागोमाग आले. आत कोणी नाही, बाकांवर धूळ, वेदीजवळ पाकोळ्यांची घाण. तुम्ही ती पुसलीत, पांढरं कापड घडी करून ठेवलंत, लाल अंथरलंत, कडा हातानं सरळ केल्यात. मी विचारलं, “कोण बघणारै हे?” तुम्ही म्हणालात, “वर्ष चाललंय ना पुढं. आपण नाही आलो म्हणून ते थांबतंय का?”

अप्पांच्या जाण्यानं माझं सगळं एका तारखेपाशी अडकून पडलं होतं. रोज १२ एप्रिलच होता माझा. त्या रिकाम्या चर्चमध्ये लाल कापड पाहिलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की पन्नास दिवस झाले, आणि ते माझ्यावाचूनही झाले. मी आनंद केला नव्हता, गायले नव्हते, आलेलुया म्हटलं नव्हतं. तरी तो काळ मला सोबत घेऊन पार झाला होता.

त्याच दिवशी परत येताना बांधावर तुम्ही मला दुसरी गोष्ट सांगितलीत. पेंटेकॉस्ट हा मुळात यहुदी लोकांचा कापणीचा सण. त्यांच्या वल्हांडण सणापासून दिवस मोजत पन्नासाव्या दिवशी गव्हाच्या पहिल्या पिकाच्या भाकरी देवापुढं ठेवायचे. “तिकडं कापणी,” तुम्ही म्हणालात, “आणि आपल्याकडं अजून बी पिशवीतच.” खरंच, रान नांगरून पडलेलं, ढेकळं तापलेली, विहिरीच्या तळाला हातभर पाणी, आणि सगळं गाव मिरगाकडं डोळे लावून बसलेलं. पवित्र आत्मा मोठ्या वाऱ्याच्या आवाजासारखा आला, हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मिरगाआधीचा तो वारा पत्रे उडवतो, लाइट घालवतो, आणि तरी माणसं अंगणात येऊन त्याच्याकडं तोंड करून उभी राहतात.

हिरव्या काळाबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडले होते. त्याला म्हणतात सामान्य काळ. वर्षातले तेहतीस-चौतीस आठवडे, म्हणजे निम्म्याहून जास्त वर्ष, आणि नाव काय, तर सामान्य! ना जन्म, ना मरण, ना उठणं. तुम्ही हसलात आणि हिरवं कापड उजेडात धरून दाखवलंत. चारांमध्ये तेच सगळ्यात विरलेलं होतं, दोन ठिकाणी रफू. “जे रोज लागतं तेच झिजतं,” म्हणालात. त्या हिरव्या महिन्यांत मी अप्पांच्या जागी कापसाला खत घातलं, सोसायटीच्या कर्जाचे कागद शोधले, मायच्या गोळ्यांच्या वेळा पाठ केल्या. सप्टेंबरच्या शेवटी गुलाब चक्रीवादळाचा तो पाऊस झाला, तेव्हा बोंडं झाडावरच सडली. त्याही रविवारी वेदीवर हिरवंच होतं. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

२ नोव्हेंबर, मृतांचा दिवस. त्या वर्षी नेमकी धनत्रयोदशी. गावात घराघरांपुढं पणत्या, आणि आपली माणसं मेणबत्त्या घेऊन कबरस्तानाकडं निघालेली. आमच्या अप्पांची कबर गावात नव्हती. मी घरीच बसणार होते. तुम्ही दारात येऊन उभ्या राहिलात. हातात फडक्याची पुरचुंडी. सकाळीच आमच्या वावरातली मूठभर माती घेऊन आला होतात. एसटीच्या संपाची गडबड सुरू झाली होती, म्हणून आपण काळीपिवळीत दाटीवाटीनं बसून शहरात गेलो. कबर शोधायला दीड तास लागला. नंबरची पाटी, बाकी काही नाही. मायनं ती माती वर पसरली. काळीभोर माती, त्या मुरमावर वेगळी उठून दिसत होती. तुम्ही प्रार्थना म्हटलीत. सगळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. फोनवर रेंज गेली होती तिथपासूनची नाही, पहिल्यापासून. अप्पांची माती त्या दिवशी झाली, असंच आम्ही घरात धरतो.

आगमनकाळाचं जांभळं कापड २८ नोव्हेंबरला घालायचं होतं. तुम्ही ते माझ्या हातात दिलंत आणि बाजूला झालात. बाहेर तूर फुलली होती, शाळू गुडघ्याएवढा झाला होता. मी विचारलं की नाताळच्या वाटेवर आणि उपवासकाळात एकच रंग कसा. तुमचे मास्तर गेले तेही आगमनकाळातच, तुम्ही सांगितलंत, आणि तेव्हापासून तुम्हाला हे दोन काळ वेगळे वाटेनासे झालेत. दोन्हीकडं माणूस अंधारात बसून कोणाच्या तरी पावलांकडं कान देतो.

२०२२ चा राखेचा बुधवार २ मार्चला आला. आदल्या वर्षीच्या झावळ्या जाळून ती राख करतात, म्हणून तुम्ही घराघरांतून जुन्या झावळ्या गोळा करत होतात. तसबिरीमागची झावळी मी दोनदा काढली आणि दोनदा परत खोवली. अप्पांच्या हाताची शेवटची घडी होती ती. तुम्ही पाहिलंत आणि म्हणालात, “नसंल द्यायची तर नको देऊस. मास्तर गेले त्या वर्षी मीबी दिली नव्हती. पुढच्या वर्षी दिली.” तुम्ही पुढच्या घराकडं वळलात. तुम्ही जोर केला असता तर मी दिली नसती. मी पळत मागं आले आणि घमेल्यात टाकली. शिंदी वाळलेली, झरकन पेटली.

तू माती आहेस आणि मातीला मिळशील, असं म्हणून फादरांनी कपाळावर राख लावली. ती थोडी कोमट होती, की मलाच तसं वाटलं. घरी जाऊन मी तोंड धुतलं नाही. मायनं कपाळाकडं पाहिलं, पदरानं पुसायला हात वर केला, आणि मग तसाच खाली घेतला.

त्यानंतरचे उपवासकाळाचे चाळीस दिवस (रविवार त्यात धरत नाहीत, हेही तुम्हीच मोजून दाखवलंत) विशेष काही घडलं नाही. ऊन वाढलं, पराट्या उपटून झाल्या, दर शुक्रवारी क्रूसाची वाट केली.

आणि मग १६ एप्रिलची, ईस्टरच्या आदल्या दिवशीची रात्र. अप्पा नेहमी विचारायचे की नाताळ एका तारखेला बसून राहतो, मग ईस्टरच का फिरतो. २१ मार्चनंतरच्या पौर्णिमेपुढचा रविवार, ३२५ साली निकियाच्या धर्मसभेपासूनची ही रीत, असं तुम्ही त्यांना सांगायचात, आणि ते म्हणायचे, म्हणजे आपल्यासारखंच, तिथीवर. त्या रात्री चैत्री पौर्णिमा होती. मारुतीच्या देवळातून हनुमान जयंतीचं भजन ऐकू येत होतं आणि आपण चर्चपुढच्या अंगणात अंधार करून विस्तवाभोवती उभे होतो. पास्काच्या मेणबत्तीवर फादरांनी क्रूस कोरला आणि २०२२ चे चार आकडे. माझी मेणबत्ती तुमच्या मेणबत्तीवरून पेटवली. आलेलुया सुरू झालं तेव्हा पहिल्या ओळीला मी गप्पच होते. दुसऱ्या ओळीला आवाज निघाला. तुम्ही वळून पाहिलं नाहीत, पण तुमचा हात मागं आला आणि माझ्या मनगटाला लागला.

मावशी, तुमच्या या ऋणाची फेड होणारी नाही. फादरांनी चर्चमध्ये दोन शब्द बोलून तुम्हाला शाल दिली त्या दिवशी मी मागं उभी होते, आणि हे सगळं कोणालाच माहीत नाही याचं मला वाईट वाटत होतं. म्हणून लिहिलं.

आता कापडांचं. पांढऱ्याची हिमरूची किनार एका कोपऱ्यात सुटलीय, ती मी हात न लावता तशीच ठेवलीय. लाल चांगलं आहे. हिरव्याला उंदरानं मधोमध नाही पण कडेला कुरतडलं. तसल्या रंगाचा दोरा गंगापुरात मिळाला नाही, म्हणून जरा गडद दोऱ्यानं रफू केलंय, जवळून पाहिलं तर कळतं. दिवाळीला येणार असाल तर एकदा बघा. तुम्हाला पटलं नाही तर उसवून परत करीन.

माय तुमची रोज आठवण काढते. नातीला आशीर्वाद.

तुमची,
ओट्यावरची लेक