पण करतलो कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'मराठी घेऊन बी.ए. करून काय उपयोग?' हा पालकांचा प्रश्न मी नोकरीभर ऐकला. निवृत्तीनंतर त्याचे उत्तर मला आमच्या गावच्या ग्रामसभेत मिळाले.

किनाऱ्यालगतच्या जमिनींबाबतचे एक पत्रक तिथे वाचून दाखवले गेले. 'बाधितांना योग्य मोबदला देण्यात येईल. मच्छीमारांच्या वहिवाटीचा शक्यतो विचार करण्यात येईल.' माना डोलल्या. तेवढ्यात मागे बसलेल्या एका मासेविक्रेत्या बाईंनी विचारले, "पण करतलो कोण?" म्हणजे, करणार कोण?

सभा गप्प झाली. बाईंनी बरोबर नवीन कर्मणी प्रयोगावर, म्हणजे कर्त्याला मागे सारणाऱ्या वाक्यरचनेवर, बोट ठेवले होते. 'देण्यात येईल' म्हटले की देणारा वाक्यातून नाहीसा होतो, आणि तारीखही. 'योग्य' कोणाच्या मते? 'शक्यतो' म्हणजे जमले नाही तर नाही. आणि 'विचार' तर नकार देण्याआधीही करता येतो! तो प्रयोग मी वर्षानुवर्षे दोन गुणांसाठी ओळखायला लावला. त्यात कर्ता कुठे लपतो, हे शोधायला मात्र मुलांना कधी सांगितले नाही. याची खंत वाटते.

साहित्यशास्त्र हे पंडितांचे काम, असा समज आहे. पण अभिधा (शब्दाचा सरळ अर्थ), लक्षणा (सरळ अर्थ जुळत नाही तेव्हा घ्यायचा जवळचा अर्थ), व्यंजना (न बोलता सुचवलेला अर्थ) यांत रोजचेच बोलणे आहे. 'गंगेवर गवळीवाडा' हे लक्षणेचे जुने उदाहरण मी 'खाडीवर वाडी' असे करून सांगे. वाडी पाण्यात आहे असे कोणी समजत नाही. व्यंजनेसाठी संस्कृत साहित्यशास्त्रकार मम्मटाने दिलेले 'सूर्य मावळला' हे वाक्य तर ऐकणाऱ्यागणिक बदलते: गुराख्याला गुरे परत न्यायची असतात, कोणाला भेटीला निघायचे असते. कोण, कोणाला, कोणत्या वेळी बोलतो आहे, हे विचारायची सवय ज्याला लागली, तो प्रचारसभेतला 'विकास' हा शब्दही तसाच गिळणार नाही.

शब्दाच्या अर्थापायी माणसे तुरुंगात गेली आहेत. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांवर १८९७ साली राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा 'केसरी'त छापलेली 'शिवाजीचे उद्गार' ही कविताही आरोपाचा भाग होती. कायद्यातल्या 'डिसअफेक्शन' या शब्दाचा अर्थ न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितला तो 'प्रेमाचा अभाव'. म्हणजे सरकारवर माया नसणे हाच गुन्हा. टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. एका शब्दाची ही ओढाताण आम्ही इतिहासाच्या तासाला सांगतो. ती भाषेच्या तासाला का नको?

केंब्रिजमध्ये समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून कविता वाचायला दिल्या. भलेभले चुकले, त्यावरचे त्यांचे पुस्तक १९२९ साली आले. आमच्या दहावीच्या वर्गात मात्र रसग्रहण गाईडमधून पाठ होते. मुलाने कविता एकदाही मोठ्याने वाचलेली नसते, तरी गुण मिळतात.

माझी विनंती शिक्षकांना आणि गावोगावच्या वाचनालयांना आहे. महिन्यातून एक संध्याकाळ ठेवा. एक कविता नाव झाकून वाचा, आणि तिच्याच शेजारी ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची एक नोटीस. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी आमच्या वाचनालयात सुरुवात करतो आहोत. त्या बाईंना पहिले बोलावणे गेले आहे. बाजार आटोपून येते म्हणाल्या.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक,
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग