९११: आधी टप बघा, मग अश्वशक्ती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पोर्शे ९११ वर आलेला लेख वाचला. अश्वशक्तीचे आणि शून्य ते शंभरचे आकडे त्यात भरपूर आहेत. मात्र कूपे (कायमच्या बंद टपाची), कॅब्रिओले (पूर्ण उघडणाऱ्या कापडी टपाची) आणि टार्गा (डोक्यामागे रुंद पट्टा, मागे काचेचा घुमट आणि मधला टप उघडणारी) या तीन रूपांची बोळवण ‘ज्याला जसा टप आवडेल तसा’ एवढ्या एका वाक्यात झाली आहे. या गाडीच्या बाबतीत ते काही पटत नाही. टप ठरला की वजन ठरते, फोर-व्हील ड्राइव्ह घ्यावेच लागेल का ते ठरते आणि कोणते इंजिन मिळणार नाही हेही ठरून जाते. खालचे बहुतेक आकडे २०१८ च्या अखेरीस आलेल्या ९९२ (हा कंपनीचा पिढी-क्रमांक) या पिढीच्या सुरुवातीच्या मॉडेलांचे आहेत.

टप म्हणजे नुसते झाकण नव्हे. काचेची चौकट, खांब आणि टप यांच्या पिंजऱ्यामुळे वळणावर गाडीच्या सांगाड्याला पीळ पडत नाही. टप कापला की ती ताकद दाराखालच्या पट्ट्यांत आणि तळात जास्तीचा धातू घालून भरून काढावी लागते. साधी करेरा (९११ चे मूळ मॉडेल) कूपे १,५०५ किलोची, तीच कॅब्रिओले १,५७५ किलोची. टार्गा ४एस (४ म्हणजे फोर-व्हील ड्राइव्ह, एस म्हणजे जास्त ताकदीचे इंजिन) तर १,६७५ किलोवर जाते. टार्गा फक्त फोर-व्हील ड्राइव्हमध्येच मिळते, त्यामुळे तिची तुलना करेरा ४एस कूपेशी (१,५६५ किलो) करायला हवी. आपल्या लेखात ती फक्त मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या करेराशी केली आहे, म्हणून फरक फुगलेला दिसतो. खरा फरक ११० किलोचा आहे, आणि तोही थोडा नाही. शिवाय हे वजन आहे कुठे, तर वर आणि मागे. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असलेल्या गाडीत मागे भार आधीच जास्त असतो. त्यात काचेचा घुमट आणि तो हलवणारी यंत्रणा नेमकी इंजिनाच्या डोक्यावर येते. शर्यतीच्या ट्रॅकवर जायचे असेल तर कूपेच घ्यावी. इथे आवडीनिवडीचा प्रश्न उरत नाही.

रोजच्या वापरात मात्र कॅब्रिओले टार्गापेक्षा सोयीची, हे लेखात कुठेच नाही. तिचा कापडी टप १२ सेकंदांत उघडतो आणि ताशी ५० किमी वेगापर्यंत चालत्या गाडीत उघडता येतो. मागचा वाराही बटणाने अडवता येतो. टार्गाला १९ सेकंद लागतात आणि गाडी पूर्ण थांबलेली असावी लागते, कारण मागची सगळी काच वर उचलून मागे सरकते. मागे भिंत किंवा दुसरी गाडी खेटून असेल तर आधी पुढे यावे लागते. टप उघडा ठेवून वेग वाढवला की टार्गात वारा घुमू लागतो आणि कानाला दडे बसल्यासारखे होते. पुढच्या काचेच्या वरच्या चौकटीतली छोटी पट्टी हाताने उभी केली की बराच आराम पडतो. ही पट्टी असते हेच पुष्कळ मालकांना माहीत नसते! १९६५ मध्ये टार्गा आली ती अमेरिकेत उघड्या गाड्यांवर बंदी येईल या धास्तीपोटी. तो रुंद पट्टा मुळात गाडी उलटली तर डोके वाचवण्यासाठी होता. आज लोक तो दिसण्यासाठी घेतात. त्यात गैर काही नाही, फक्त ११० किलोंची किंमत माहीत असावी.

एक चूक दुरुस्त करावी. ‘फोर-व्हील ड्राइव्हचे मॉडेल मागून रुंद असते’ हे आधीच्या पिढीपर्यंत खरे होते. ९९२ मध्ये सगळ्या करेरा १,८५२ मिमी रुंद आहेत, टर्बो हे वरचे मॉडेल तेवढे १,९०० मिमी.

आता वेग. करेरा एसच्या ३ लिटर, ४५० अश्वशक्तीच्या इंजिनाला लेखात शून्य ते शंभरसाठी ३.५ सेकंद दिले आहेत. ते पीडीके (आपोआप गिअर बदलणारा) गिअरबॉक्स आणि स्पोर्ट क्रोनो हे ऐच्छिक पॅकेज असेल तरच. पॅकेज नसेल तर ३.७, आणि हाताने गिअर टाकायचे असतील तर ४.२. इंजिन तेच, तरी पाऊण सेकंदाच्या आसपास फरक पडतो, कारण दोन क्लचच्या पीडीकेमध्ये गिअर बदलताना चाकांकडे जाणारी ताकद तुटत नाही. आठ गिअर आहेत म्हणून कमाल वेग आठव्यात मिळतो असे समजू नये. तो सहाव्यातच गाठला जातो, वरचे दोन इंधन वाचवण्यासाठी आहेत. २०२० ची टर्बो एस ६५० अश्वशक्ती आणि ८०० न्यूटन-मीटर टॉर्कच्या (फिरवणाऱ्या ताकदीच्या) जोरावर २.७ सेकंदांत शंभर गाठते. शर्यतीच्या धाटणीच्या २०२१ च्या जीटी३ ला टर्बोचार्जर नाही, ५१० अश्वशक्ती आणि ४७० न्यूटन-मीटरच आहे, पण इंजिन ९,००० आरपीएमपर्यंत फिरते आणि पुढच्या चाकांचे सस्पेन्शनही वेगळे आहे. दोघींची एकाच तक्त्यात तुलना करण्यात अर्थ नाही. टर्बो एस टार्गात मिळत नाही, जीटी३ फक्त कूपेत. २०२४ ची जीटीएस हायब्रिड असली तरी तिची बॅटरी जेमतेम १.९ किलोवॉट-तासांची आहे. ती चार्जरला लावायची गाडी नव्हे.

आपल्याकडच्या खरेदीदाराला खरी गरज आहे ती पुढच्या गोष्टींची. ९९२ मध्ये पुढच्या चाकांच्या कमानीत बसवलेले सेन्सर उडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकून रस्ता ओला असल्याचे सांगतात. मात्र गाडी फक्त सूचना देते, ‘वेट’ (ओल्या रस्त्याचा) मोड चालकालाच लावावा लागतो. कोकणच्या पावसात हे विसरू नये. पुढचा भाग उचलणारी यंत्रणा नाक सुमारे ४० मिमी वर घेते, तीही ताशी ३५ किमीच्या आतच. भारतीय मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा. गल्लीतले गतिरोधक अरुंद आणि उभे असतात, म्हणून घासते. ही यंत्रणा ऑर्डर देतानाच घ्यावी. स्पोर्ट सस्पेन्शन गाडी आणखी १० मिमी खाली आणते, ते टाळलेले बरे.

इंजिन मागे असले तरी रेडिएटर पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत आहेत. तिथे पाला, चिखल, प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकतात. ओला पाला महिनोन् महिने तसाच राहिला की तिथलाच एसीचा कंडेन्सर कुजतो, गॅस गळतो, आणि मालक कॉम्प्रेसरला दोष देतो. पावसाळा संपला की बंपर उतरवून आत साफ करून घ्यावे. प्रेशरचे पाणी जवळून मारू नये, पाती वाकतात.

गाडीत स्टेपनी नसते, फक्त सीलंट आणि छोटा कॉम्प्रेसर असतो. टायरची कड फाटली तर सीलंटचा उपयोग नाही, गाडी उचलून नेणारा ट्रकच बोलवावा. करेरा एसला पुढे २४५/३५ २० इंची आणि मागे ३०५/३० २१ इंची टायर असतात, त्यामुळे ते पुढे-मागे बदलता येत नाहीत. टर्बो एस आणि जीटी३ ला चाकाच्या मध्यभागी एकच नट असतो आणि तो ६०० न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. पंक्चरवाल्याकडचा पाना तिथे चालत नाही. सिरॅमिक ब्रेक असतील तर चाक काढताना गाइड पिन (चाक सरळ बाहेर यावे म्हणून लावायची दांडी) लावून घ्यावी, नाहीतर रिम डिस्कवर आपटून डिस्कची कड उडते.

पेट्रोल ९८ ऑक्टेनचे असावे. ९५ चालते, पण इंजिन नॉक (इंधन अवेळी पेटून होणारी खडखड) टाळण्यासाठी ठिणगीची वेळ मागे घेते आणि कागदावरची अश्वशक्ती कागदावरच राहते.

तेव्हा पुढच्या वेळी अशा गाडीचा तक्ता छापताना प्रत्येक रूपाचे वजन, गिअरबॉक्सचा प्रकार, पॅकेज आहे की नाही, टायरची मापे आणि जमिनीपासूनची उंची असे रकाने जरूर वाढवावेत. जागा कमी पडत असेल तर कमाल वेगाचा रकाना काढला तरी चालेल. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर मर्यादा ताशी १०० किमीची आहे, घाटात तर ६०.

आपला,
एक वाहन अभियंता, चिंचवड