बाबा, त्या ३१ पतंगांविषयी

पुणे, ८ जून

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारले की, मी नेमके काय काम करते ते पारावर चार माणसांना सांगता येईल असे एकदा सांग; आणि मी नेहमीप्रमाणे ‘मशीन लर्निंग’ एवढे म्हणून मोकळी झाले. ते उत्तर मलाच टोचत राहिले, म्हणून हे पत्र.

आमचे ॲप एकच गोष्ट करते. मादीसारख्या गंधाने नरांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्याच्या पिशवीत अडकलेले, कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचे नर पतंग कागदावर ओतून फोटो काढला की ते त्यांची संख्या सांगते. सलग तीन दिवस दर सापळ्यात आठ किंवा त्याहून अधिक पतंग आढळले, तर फवारणीची वेळ आली असे मानतात. अळी बोंडात शिरली की वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून लक्ष पतंगांवर ठेवायचे. आई, अळी लागून न उमललेले फूल, म्हणजे डोमकळी, तू लांबून ओळखतेस, पण खूण विचारली तर “दिसतेच की” म्हणतेस. यंत्रालाही आम्ही खुणा सांगत नाही. हजारो फोटोंतल्या प्रत्येक पतंगाभोवती माणसांनी चौकट आखून दाखवायची आणि खूण त्याची त्याने शोधायची. माझे निम्मे आयुष्य या चौकटी तपासण्यात जाते, हे पारावर सांगितले नाही तरी चालेल.

बाबा, गेल्या हंगामात तुमच्या फोटोवर ॲपने ३१ पतंग सांगितले आणि तुम्ही हाताने मोजले ते ६ निघाले. तुम्ही पतंग वर्तमानपत्रावर ओतले होते आणि यंत्राने ठळक अक्षरेसुद्धा पतंग म्हणून मोजली होती. आम्ही त्याला शिकवताना वापरलेले फोटो आमच्याच माणसांनी भर दुपारी, पांढऱ्या कोऱ्या कागदावर काढलेले होते. संध्याकाळी धुऱ्यावर बसून, हाती लागेल त्या कागदावर कोणी फोटो काढील, हे शेतकऱ्याच्या मुलीलाही सुचले नाही, याची मला लाज वाटली. चाचणीत आमचे आकडे उत्तम होते. पण तीसऐवजी एकतीस मोजले तर शेतकऱ्याचे काही बिघडत नाही आणि सहाऐवजी नऊ मोजले तर फुकटची फवारणी होते. आमच्या सरासरीत मात्र तिसांतली एकाची चूक आणि सहांतली तिनाची चूक एकाच हिशेबात विरघळून जात होती. आता आम्ही ‘फवारणीचा निर्णय चुकला का’ हेच मोजतो, आणि कागद कोरा नसेल तर ॲप संख्या न सांगता फोटो पुन्हा काढायला सांगते. या दुसऱ्या बदलासाठी मला कार्यालयात बरेच भांडावे लागले, कारण उत्तर न देणारे यंत्र कोणालाच आवडत नाही.

जाहिरातींची नोकरी मी सोडली तेव्हा पगार कमी झाला म्हणून आई दोन दिवस बोलली नव्हती. कारण मी तेव्हा नीट सांगितले नाही. २०१७ साली बोंडअळीने कपाशी गेली, आणि त्याच हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. त्या दिवसांत बाबा तोंडाला नुसता दुपट्टा बांधून पंप पाठीवर घेत होते आणि मी इथे कोण कोणत्या जाहिरातीवर बोट ठेवील याचा अंदाज बांधत होते. एक फवारणी टळली तर औषधाचे पैसे वाचतात, हे आम्ही सगळ्यांना सांगतो. मला मात्र तो दुपट्टा आठवतो.

यंदा एक काम करा. ॲपने सांगितलेला आकडा आणि तुम्ही हाताने मोजलेला आकडा, दोन्ही आईच्या दुधाच्या हिशेबाच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा, आणि सापळ्यातली ल्युअर, म्हणजे ती गंधाची गोळी, कधी बदलली तेही लिहा, कारण ती जुनी झाली की पतंग कमी येतात आणि आम्हाला वाटते कीड कमी झाली. फोटो पुसू नका, वर्तमानपत्रावरचेसुद्धा. वही मी दिवाळीला येईन तेव्हा घेईन.

आपली,
बेबी