ऐतिहासिक बिअरच्या लेबलवर काय छापायला हवे?

संपादक महोदय,

आपल्या भागाच्या इतिहासातून बिअर घडवायची आणि त्या इतिहासाच्याच नावाने ती बाजारात आणायची, हे छोट्या ब्रुअऱ्यांमध्ये आता सर्वत्र रुळले आहे. त्याच्या बातम्याही येतात. पण त्या बहुधा नावाच्या आणि बाटलीवरच्या चित्राच्या असतात. आत काय शिजले याविषयी एक ओळही नसते. त्यामुळे जुन्या वेशीचे चित्र लावून नेहमीचीच पेल एल विकली तरी कुणी हटकत नाही, आणि ज्यांनी लुप्त झालेली बिअर खरोखर पुन्हा घडवली त्यांचे काम याच गर्दीत हरवते. ते काम किती अवघड असते, हे वाचकांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र.

पोलंडमधल्या ग्रोजिस्क गावची ग्रोजिस्किए घ्या. तिथली ब्रुअरी १९९३ मध्ये बंद पडली आणि २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली. ही बिअर ओकच्या धुरावर वाळवलेल्या गव्हाच्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची), शंभर टक्के त्याचीच. मूळ घनता ७ ते ८ अंश प्लेटो (म्हणजे आंबवण्यापूर्वी रसात वजनाने साधारण तेवढे टक्के साखर), अल्कोहोल जेमतेम ३ टक्के, हॉप्स या वेलीच्या फुलांचा स्पष्ट कडवटपणा आणि भरपूर फेस. कागदावर याहून सोपी कृती नसेल. पण मळणीनंतर गव्हाच्या दाण्यावर टरफल उरत नाही. बार्लीची टरफले चाळणीवर बसून गाळणीचे काम करतात. गव्हाचा नुसता लगदा होतो आणि भांड्याचा नळ उघडला की काही मिनिटांत प्रवाह थांबतो. उपाय माहीत असलेले आहेत. धान्याच्या वजनाच्या ५ ते १० टक्के भाताची तुसे धुऊन मॅशमध्ये, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टमध्ये, मिसळावीत. मॅश आधी ४० ते ४५ अंश सेल्सियसला वीसेक मिनिटे ठेवावा, म्हणजे चिकटपणा आणणारे बीटा ग्लुकन तुटते. मग ६५-६६ अंशांना तासभर ठेवून स्टार्चची साखर करावी आणि गाळण्याआधी ७६ अंशांपर्यंत नेऊन वर्ट (माल्टचा गोड रस) पातळ करावा. नळ पहिली पंधरा मिनिटे अगदी बारीक ठेवावा. घाईने पूर्ण उघडला तर थर खाली ओढला जाऊन घट्ट बसतो, आणि मग तो ढवळून सगळे पुन्हा सुरू करावे लागते.

ओकऐवजी बीच या झाडाच्या धुराचे माल्ट वापरले की चव बदलते: बीचचा धूर जिभेवर जाड बसतो, ओकचा कोरडा आणि हलका. या बिअरमध्ये धुराची चव लपायला जागा नाही, म्हणून ही तडजोड लगेच कळते. फेसासाठी बाटलीत लिटरमागे ९ ते १० ग्रॅम साखर लागते, साधारण एलला लागते त्याच्या दीडपट किंवा त्याहूनही जास्त. घनतामापकाचे वाचन सलग तीन दिवस स्थिर असल्याशिवाय, म्हणजे आंबणे पुरते संपल्याशिवाय, बाटल्या भरू नयेत आणि जाड काचेच्याच घ्याव्यात. पातळ बाटली या दाबाला फुटते.

जर्मनीतली गोझे ही मूळची गोस्लार शहराची, पुढे लाइपझिगने आपलीशी केलेली. १९६६ मध्ये तिचे उत्पादन पूर्ण थांबले आणि १९८० च्या दशकात ती परत आली. निम्म्याहून अधिक गव्हाचे माल्ट, मीठ, धणे आणि लॅक्टिक आम्लाचा आंबटपणा ही तिची ओळख. आज बहुतेक ठिकाणी हा आंबटपणा भांड्यातच आणतात. वर्ट दहा मिनिटे उकळून थंड करायचा, लॅक्टिक आम्ल घालून पीएच (आम्लतेचे माप, जितके कमी तितके आंबट) ४.५ च्या खाली आणायचा, मग लॅक्टिक आम्ल करणारे लॅक्टोबॅसिलस जीवाणू सोडून त्या जातीला मानवेल तसे ३० ते ४५ अंशांना एक-दोन दिवस झाकून ठेवायचे. पीएच ३.३ च्या आसपास आला की पुन्हा उकळी द्यायची. सुरुवातीचे आम्ल टाळले तर नको असलेले जीवाणू आधी वाढतात आणि वर्टला उलटीसारखा वास येतो, जो उकळूनही पुरता जात नाही. हॉप्स आधी घातले तर उलटेच होते: त्यांतली आम्ले लॅक्टोबॅसिलसला वाढू देत नाहीत आणि दोन दिवसांनंतरही वर्ट गोडच राहतो. म्हणून हॉप्स दुसऱ्या उकळीत, तेही मोजकेच.

वीस लिटरला १५ ते २० ग्रॅम मीठ पुरते. ते आयोडीन नसलेले घ्यावे आणि एकदम न घालता चव घेत घालावे, कारण जास्त झालेले मीठ काढता येत नाही. धणे तेवढेच, ताजे, जाडसर भरडून, उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत. जुने धणे किंवा लांबलेली उकळी बिअरला भाजीच्या पाण्याची चव देते. इतक्या आंबट वर्टमध्ये यीस्टही अडखळते. नेहमीपेक्षा दीडपट तरी घालावे.

आता मुद्दा असा की भांड्यातच आंबवण्याची ही पद्धत आजची आहे. जुन्या गोझेत यीस्ट आणि आम्ल करणारे जीवाणू एकत्रच नांदत. लांब मानेच्या बाटलीला बूचही नसे. वर आलेले यीस्ट मानेत साचून तेच झाकण होई. आजची पद्धत वापरण्यात काही गैर नाही, ती अधिक भरवशाची आहे. पण ती वापरली आहे हे लेबलवर लिहायला हवे. ग्रोजिस्किएमध्ये तुसे घातली तर तेही लिहावे, चवीत फरक पडत नसला तरी.

सर्वांत मोठी चूक घडते ती जुन्या नोंदवह्या वाचताना. लंडनच्या जुन्या ब्रुअऱ्यांच्या वह्यांत वर्टची घनता पिंपामागे पौंडांत लिहिलेली सापडते. हे पौंड म्हणजे विरघळलेली साखर नव्हे, तर पाण्याने भरलेल्या त्याच पिंपापेक्षा वर्टचे पिंप जितके जड भरे तेवढे वजन. एक पौंड म्हणजे घनतेचे २.७७ अंश (पाणी १.००० धरून एक अंश म्हणजे ०.००१); २५ पौंडांची नोंद म्हणजे १.०६९, सुमारे १७ अंश प्लेटो. हे पौंड साखरेचे समजले तर बिअर जेमतेम ७ अंशांची होते, आणि लोक ‘जुनी बिअर फार पाणचट असे’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. पिंपाचेही तसेच. ब्रिटिश पिंप ३६ गॅलनचे, सुमारे १६४ लिटरचे. अमेरिकन पिंप ११७ लिटरचे. ब्रिटिश कृती अमेरिकन पिंप धरून लावली तर सगळेच चाळीस टक्क्यांनी जास्त पडते. हॉप्सचे वजनही जसेच्या तसे उचलू नये. वहीत २०० ग्रॅम असतील आणि त्यांत कडवटपणा देणारे अल्फा आम्ल ४ टक्के धरले, तर आजच्या १२ टक्क्यांच्या जातीचे ६७ ग्रॅम पुरतात. त्याहून बरे म्हणजे फगल किंवा गोल्डिंग्जसारखी जुनी जातच घ्यावी.

पोर्टर या जुन्या गडद इंग्लिश बिअरमध्ये तर कालविपर्यास उघड दिसतो. ‘१७५० ची पोर्टर’ म्हणून विकलेल्या बिअरमध्ये काळे माल्ट असेल तर ती १७५० ची नाही. फिरत्या पिंपात भाजलेल्या काळ्या माल्टचे पेटंट डॅनियल व्हीलर यांनी १८१७ मध्ये घेतले. त्याआधीची पोर्टर ब्राउन माल्टची असे. त्या माल्टमध्ये स्टार्चची साखर करणारी विकरे शिल्लक असत. आजचे ब्राउन माल्ट अधिक भाजलेले असते आणि त्यात ती उरत नाहीत. ते एकटेच वापरले तर तासभर मॅश करूनही आयोडीनच्या चाचणीत रंग निळाच राहतो, म्हणजे स्टार्च तसाच उरतो. म्हणून निम्म्याहून बरेच जास्त पेल माल्ट घालावे लागते. यीस्टचेही असेच आहे. एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत १८८३ मध्ये वापरात आणले. त्यापूर्वीच्या, महिनोन्महिने मुरवलेल्या इंग्लिश बिअरमध्ये ब्रेटानोमायसिस हे रानटी यीस्ट असायचे. कार्ल्सबर्गमधल्याच क्लॉसेन यांनी त्याला १९०४ मध्ये नाव दिले. एकाच शुद्ध यीस्टवर पंधरा दिवसांत तयार झालेली पोर्टर चवदार असेल, पण तिला मुरलेली जुनी पोर्टर म्हणता येणार नाही.

हॉप्सच्या आधीच्या वनस्पतींबाबत मात्र जपून. मार्श रोझमेरी या दलदलीतल्या झुडपाचा जुन्या बिअरमध्ये वापर होता, पण त्यातले लेडॉल हे द्रव्य विषारी आहे. इतिहासाच्या नावाखाली ते कुणाच्या ग्लासात जाऊ नये.

प्रामाणिकपणे हे कसे करावे याचे उदाहरणही आहे. तुर्कस्तानात गॉर्डियन येथे १९५७ मध्ये इसवी सनपूर्व आठव्या शतकातले थडगे उघडले गेले. पुढे पुरातन अवशेषांचे रसायनतज्ज्ञ पॅट्रिक मॅकगव्हर्न यांनी त्यातल्या भांड्यांच्या तळाशी चिकटलेल्या अवशेषांची तपासणी केली. टार्टारिक आम्लावरून द्राक्षे, मेणाच्या अंशांवरून मध आणि कॅल्शियम ऑक्झलेटवरून बार्लीची बिअर असल्याचे कळले. कडवटपणासाठी काय घातले होते ते सापडले नाही. अमेरिकेतल्या डॉगफिश हेड ब्रुअरीने त्या जागी केशर घेतले. तो अंदाज होता आणि अंदाज म्हणूनच सांगितला गेला. शिवाय अवशेषांवरून काय होते ते कळते, किती होते ते कळत नाही. प्रमाण ठरवणारा आजचाच माणूस असतो.

लेबलवर चार ओळी पुरतील: कृती कोणत्या नोंदीतून किंवा अवशेषातून आली, धान्य, हॉप्स आणि यीस्ट कोणते, आजच्या सोयीसाठी काय बदलले, आणि अंदाजाने काय भरले. ब्रुअरीने हे छापले नसेल, तर बातमी लिहिण्याआधी आपल्या वार्ताहरांनी एवढे चार प्रश्न विचारावेत आणि मिळालेली उत्तरे, किंवा उत्तर मिळाले नाही ही गोष्ट, बातमीत द्यावी, ही विनंती.

आपला नम्र,
बिअर निर्मितीच्या क्षेत्रातील एक वाचक